पंचविसावी घटनादुरुस्ती (अमेरिका)

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षपद किंवा उपराष्ट्राध्यक्षपद मुदतीआधीच रिकामे झाले, अथवा राष्ट्राध्यक्ष काम पाहण्याच्या स्थितीत नसले, तर पुढे काय करायचे हे ठरवून देणारी घटनादुरुस्ती. काँग्रेसने (प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन सभागृहांची अमेरिकेची संसद) ती ६ जुलै १९६५ रोजी संमत केली. ३८ राज्यांची मान्यता मिळाल्यावर १० फेब्रुवारी १९६७ रोजी ती अमलात आली. तिच्या चार कलमांपैकी पहिली तीन प्रत्यक्षात वापरली गेली आहेत. ज्याची वर्तमानपत्रांत सर्वाधिक चर्चा होते ते चौथे कलम मात्र आजवर एकदाही वापरलेले नाही.

मूळ घटनेतील तरतूद एका वाक्याची आणि मोघम होती. राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूनंतर उपराष्ट्राध्यक्षांना पदच मिळते की नुसते अधिकार, हे तीत स्पष्ट नव्हते. ४ एप्रिल १८४१ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन वारले तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांनी आपण पूर्ण राष्ट्राध्यक्ष आहोत असे सांगून शपथ घेतली आणि तोच पायंडा पुढे सव्वाशे वर्षे चालला. त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. एकदा उपराष्ट्राध्यक्ष पदावर बसले की आजारातून उठलेल्या राष्ट्राध्यक्षांना पद परत कसे मिळणार? या धास्तीने कोणी पुढे येईना. १८८१ मध्ये गोळी लागलेले राष्ट्राध्यक्ष गारफील्ड जवळजवळ ८० दिवस अंथरुणाला खिळून होते, पण उपराष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी कारभार हाती घेतला नाही. ऑक्टोबर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघात झाला. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लॅन्सिंग यांनी त्यांच्या गैरहजेरीत मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या, आणि फेब्रुवारी १९२० मध्ये विल्सन यांनी याच कारणावरून त्यांचा राजीनामा घेतला. आजारी राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत हालचाल करणाऱ्याचे काय होते, हे वॉशिंग्टनमध्ये पुढे कोणी विसरले नाही.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. १९५६ मध्ये त्यांच्या आतड्यावर शस्त्रक्रिया झाली आणि १९५७ मध्ये मेंदूचा सौम्य झटका आला. त्यांनी उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी एक लेखी समझोता केला, पण त्याला कायद्याचे बळ नव्हते. घाई झाली ती २२ नोव्हेंबर १९६३ नंतर. केनेडींच्या हत्येमुळे लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना स्वतःला १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, आणि उपराष्ट्राध्यक्ष नेमण्याची सोयच नसल्याने ते पद चौदा महिने रिकामे राहिले. त्यांच्यानंतर वारसाक्रमात प्रतिनिधिगृहाचे ७१ वर्षांचे सभापती जॉन मॅकॉर्मॅक आणि त्यांच्यामागे सिनेटचे ८६ वर्षांचे प्रेसिडेंट प्रो टेम्पोर (उपराष्ट्राध्यक्षांच्या गैरहजेरीत सिनेटचे कामकाज चालवणारे सदस्य) कार्ल हेडन होते. इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांनी सिनेटमध्ये आणि इमॅन्युएल सेलर यांनी प्रतिनिधिगृहात दुरुस्तीचा पाठपुरावा केला.

पहिल्या कलमाने टायलर यांचा पायंडा घटनेत आणला: राष्ट्राध्यक्षांचा मृत्यू, राजीनामा किंवा पदच्युती झाल्यास उपराष्ट्राध्यक्ष स्वतः राष्ट्राध्यक्ष होतात आणि उरलेली सगळी मुदत पुरी करतात. (भारतात उपराष्ट्रपती तात्पुरते काम पाहतात आणि सहा महिन्यांच्या आत नवा राष्ट्रपती निवडावा लागतो. अमेरिकेत अशी मध्येच निवडणूक नसते.) दुसऱ्या कलमानुसार उपराष्ट्राध्यक्षपद रिकामे झाल्यास राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि दोन्ही सभागृहे साध्या बहुमताने ते मंजूर करतात. १९६७ पूर्वी हे पद १६ वेळा, मिळून ३७ वर्षांहून अधिक काळ, रिकामे राहिले होते.

तिसरे कलम स्वेच्छेचे आहे. राष्ट्राध्यक्षांनी प्रतिनिधिगृहाचे सभापती आणि सिनेटचे प्रेसिडेंट प्रो टेम्पोर यांना, आपण काम पाहू शकत नाही, असे लेखी कळवले की उपराष्ट्राध्यक्ष प्रभारी राष्ट्राध्यक्ष होतात. दुसरे पत्र गेले की अधिकार परत येतात. पद मात्र सर्व काळ मूळ राष्ट्राध्यक्षांकडेच राहते, आणि आर्थर यांच्या काळची अडचण इथेच सुटली.

चौथे कलम राष्ट्राध्यक्षांच्या संमतीशिवाय चालते. उपराष्ट्राध्यक्ष आणि मंत्रिमंडळातील खातेप्रमुखांचे बहुमत यांनी त्याच दोन पदाधिकाऱ्यांना लेखी कळवले की अधिकार तत्काळ उपराष्ट्राध्यक्षांकडे जातात. राष्ट्राध्यक्षांनी, आपण ठीक आहोत, असे उलट कळवले तर चार दिवसांची मुदत सुरू होते. तेवढ्यात उपराष्ट्राध्यक्ष आणि मंत्र्यांनी पुन्हा हरकत घेतली नाही, तर राष्ट्राध्यक्ष परत येतात. हरकत घेतली तर काँग्रेसने, अधिवेशन चालू नसल्यास, ४८ तासांत जमायचे आणि २१ दिवसांत निकाल द्यायचा. राष्ट्राध्यक्षांना बाजूला ठेवायचे तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. महाभियोगात प्रतिनिधिगृहातील साधे बहुमत आणि सिनेटमधील दोन-तृतीयांश मते पुरतात. म्हणजे हट्टाला पेटलेल्या राष्ट्राध्यक्षांविरुद्ध हा रस्ता महाभियोगापेक्षाही अवघड आहे, आणि तो मुद्दाम तसा ठेवलेला आहे. न आवडणारे राष्ट्राध्यक्ष हटवण्याचा हा सोपा मार्ग, असे जे सर्रास लिहिले जाते, ते मजकूर न वाचताच लिहिलेले असते.

दुरुस्तीची पहिली परीक्षा आजारपणाने घेतली नाही, भ्रष्टाचाराने घेतली. मेरीलँडमधील लाचखोरीच्या चौकशीत सापडलेले उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांनी १० ऑक्टोबर १९७३ रोजी करचुकवेगिरीच्या आरोपाला आव्हान न देता राजीनामा दिला. दोनच दिवसांत, आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या निक्सन यांनी प्रतिनिधिगृहातील अल्पमत पक्षाचे नेते जेराल्ड फोर्ड यांचे नाव पुढे केले. निक्सन यांची मूळ पसंती माजी अर्थमंत्री जॉन कॉनली यांना होती, पण दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाच्या हातात असल्याने ते नाव मंजूर होणे कठीण होते. सिनेटने २७ नोव्हेंबरला ९२ विरुद्ध ३ आणि प्रतिनिधिगृहाने ६ डिसेंबरला ३८७ विरुद्ध ३५ मतांनी फोर्ड यांना मान्यता दिली. मधल्या आठ आठवड्यांत वॉटरगेट प्रकरण (विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरी आणि ती दडपण्याचा निक्सन यांच्यावरील आरोप) पेटलेले होते आणि वारसाक्रमात पुढचे नाव डेमोक्रॅट सभापती कार्ल अल्बर्ट यांचे होते. मंजुरी अडवून धरा आणि निक्सन यांना घालवून सत्ता घ्या, असा सल्ला देणारे त्या पक्षात होते. अल्बर्ट त्या वाटेला गेले नाहीत.

९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांचे एका वाक्याचे राजीनामापत्र परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्याकडे पोहोचले आणि पहिल्या कलमानुसार फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांना निवडले. रॉकफेलर घराण्याची संपत्ती आणि त्यांनी सहकाऱ्यांना दिलेल्या मोठ्या देणग्या व कर्जे यांची छाननी चार महिने चालली. अखेर १९ डिसेंबरला प्रतिनिधिगृहात २८७ विरुद्ध १२८ मतांनी ते मंजूर झाले. त्यानंतर दोन वर्षे देशाचे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष असे दोघेही राष्ट्रीय निवडणुकीत मते न मागता त्या पदांवर होते.

३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलबाहेर राष्ट्राध्यक्ष रेगन यांना गोळी लागली. ती हृदयापासून सुमारे एक इंचावर अडकली होती आणि तातडीने भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. चौथे कलम ज्या प्रसंगासाठी लिहिले होते, तो हाच. उपराष्ट्राध्यक्ष बुश टेक्ससमध्ये विमानात होते. व्हाइट हाउसचे कायदा सल्लागार फ्रेड फील्डिंग यांनी तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही कलमांची पत्रे तयार ठेवली होती. सहायक रिचर्ड डार्मन यांनी ती आपल्या कार्यालयाच्या तिजोरीत नेऊन ठेवली आणि मंत्र्यांपुढे विषय येऊ दिला नाही. परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी पत्रकारांसमोर, उपराष्ट्राध्यक्ष परतेपर्यंत सूत्रे आपल्याकडे आहेत, असे सांगितले आणि वारसाक्रमात आपण तिसरे असल्याचेही ठोकून दिले. पण १९४७ च्या वारसाक्रमाच्या कायद्याने त्यांच्या आधी सभापती आणि प्रेसिडेंट प्रो टेम्पोर येतात. दुसऱ्या दिवशी रेगन यांनी रुग्णालयातूनच दुग्धव्यवसायासंबंधीच्या एका विधेयकावर सही केली आणि सर्व आलबेल असल्याचे चित्र उभे केले गेले. शस्त्रक्रियेच्या काही तासांत मात्र अधिकार वापरू शकेल असे कायद्याने कोणीच नव्हते.

१३ जुलै १९८५ रोजी बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयात मोठ्या आतड्यातील गाठ काढण्यापूर्वी रेगन यांनी पत्रावर सही केली. भूल दिल्यापासून, ११:२८ पासून, संध्याकाळी ७:२२ पर्यंत बुश प्रभारी होते. तथापि रेगन यांनी त्याच पत्रात, अशा अल्पकाळाच्या भुलेसाठी तिसरे कलम अभिप्रेत आहे असे आपल्याला वाटत नाही, असे लिहून ठेवले. पुढच्यांवर पायंडा लादायचा नव्हता. परिणामी तिसऱ्या कलमाचा हा पहिला वापर की नाही, यावर वाद राहिला. पत्राची रचना आणि ते कोणाला गेले हे पाहता वापर तोच होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मे १९९१ मध्ये, आता स्वतः राष्ट्राध्यक्ष असलेल्या बुश यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले, तेव्हा विजेचा झटका द्यावा लागल्यास अधिकार उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांच्याकडे देण्याची तयारी झाली होती, पण औषधांनी काम भागले. मार्च १९९७ मध्ये क्लिंटन यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत फक्त कमरेखालचा भाग बधिर केला आणि हस्तांतर टाळले. पहिला निर्विवाद वापर झाला तो २९ जून २००२ रोजी, त्या बुश यांचे पुत्र राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या आतड्याच्या तपासणीवेळी.

मजकुरात काही फटी तशाच आहेत. उपराष्ट्राध्यक्षपद रिकामे असेल किंवा उपराष्ट्राध्यक्षच बेशुद्ध असतील तर चौथे कलम सुरूच होत नाही. खात्याचा कारभार तात्पुरता पाहणाऱ्यांना मंत्री म्हणून मत आहे का, यावर न्यायालयाचा निर्णय नाही. मंत्रिमंडळाऐवजी काँग्रेसने कायद्याने दुसरे मंडळ नेमावे अशीही मुभा आहे, पण असे मंडळ कधीच नेमले गेले नाही.