कालव्याचे काठ आणि शार्लट डंडास

मार्च 1803. स्कॉटलंडमधल्या फोर्थ-क्लाइड कालव्यावर समोरून असा वारा सुटला होता की बाकीच्या बोटी जागच्या हलेनात. शार्लट डंडास ही लाकडी वाफबोट मात्र प्रत्येकी 70 टनांचे दोन पडाव मागे बांधून ग्लासगोकडे निघाली आणि सुमारे 30 किलोमीटर गेली. वेग माणसाच्या चालीपेक्षा जास्त नव्हता. पण तोवर हे काम काठाने चालणारे घोडे करायचे, आणि त्या दिवशी त्यांचं काही चाललं नाही.

ही बोट घडवणारा अभियंता विल्यम सिमिंग्टन. त्याची करामत इंजिनाच्या मांडणीत होती. तेव्हाची वाफेची इंजिनं उभी असत, वर भलीमोठी तुळई हलायची. त्याने सिलिंडर आडवा घातला आणि दट्ट्याच्या जोरावर थेट क्रँक, म्हणजे चाक फिरवणारा वाकडा दांडा, फिरवला. पाणी कापणारं चाक एकच, तेही मागच्या खोबणीत.

तरीही कालव्याच्या कंपनीने तिला नाकारलं. लाटांनी काठ ढासळतील म्हणे! भीती अगदीच खुळी नव्हती. शेताच्या पाटात पाटाएवढ्याच रुंदीचं लाकूड ढकलून बघा. पुढे पाणी फुगतं, उरलेल्या फटींतून जोराने मागे पळतं आणि कडेची माती खात जातं. त्यात उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: 2 मीटर खोलीला ताशी साधारण 16 किलोमीटर. बोट त्या वेगाच्या जवळ गेली की जादा ताकद लाटा उठवण्यातच खर्च होते. 1834 मध्ये जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश अभियंत्याने एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यावर पाहिलं, की घोड्यांनी ओढलेली बोट एकाएकी थांबली, पण तिच्यापुढचा पाण्याचा उंचवटा एकटाच पुढे निघाला. रसेलने घोड्यावरून त्याचा पाठलाग केला. आज त्या लाटेला सॉलिटॉन म्हणतात.

पण माणसाच्या चालीने जाणाऱ्या शार्लट डंडासला एवढं घाबरायचं कारण नव्हतं, असं मला वाटतं. अर्थात काठ दुरुस्तीचा खर्च माझ्या खिशातून जाणार नव्हता.

इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटरच्या ड्यूकने, म्हणजे तिथल्या एका कालव्याच्या मालकाने, अशा आठ बोटी मागवल्या होत्या, पण तो त्याच मार्चमध्ये वारला आणि मागणी तिथेच विरली. बोट कालव्याच्या एका कोपऱ्यात पडून राहिली. सिमिंग्टन 1831 मध्ये लंडनमध्ये हलाखीत वारला. 1861 मध्ये ती बोट मोडीत काढली, तेव्हा त्याच कालव्यावर पाण्याखालच्या पंख्याने चालणाऱ्या वाफबोटी सुरू होऊन पाच वर्षं झाली होती.