घोड्याचा फॉर्म (ब्रिटिश घोडदौड)

घोडा आजवर कुठे धावला, कुणाबरोबर धावला, जमीन कशी होती, पाठीवर वजन किती होते आणि तो कितवा आला, या सगळ्याची नोंद म्हणजे त्याचा ‘फॉर्म’. त्या नोंदीवरून पुढच्या शर्यतीत कोणता घोडा चालेल याचा अंदाज बांधण्याला ‘फॉर्म वाचणे’ म्हणतात. ब्रिटनमध्ये या वाचनाला मोठी परंपरा आहे, कारण तिथे नोंदी फार लवकर पद्धतशीर झाल्या. जेम्स वेदरबी यांनी १७७३ मध्ये ‘रेसिंग कॅलेंडर’ सुरू केले. घोड्यांची वंशावळ ‘जनरल स्टड बुक’ १७९१ पासून छापू लागले. १८५५ मध्ये ॲडमिरल राऊस सार्वजनिक हँडिकॅपर, म्हणजे शर्यतीत कोणत्या घोड्यावर किती वजन द्यायचे ते ठरवणारे, झाले. कोणत्या वयाच्या घोड्याने वर्षाच्या कोणत्या काळात किती वजन न्यावे, याचे त्यांनी बसवलेले कोष्टक दुरुस्त्यांसह आजही चालते. फिल बुल यांनी १९४८ मध्ये ‘टाइमफॉर्म’ काढले आणि घोड्याची कुवत एका आकड्यात मांडण्याची सवय सामान्य प्रेक्षकालाही लावली.

रेसकार्डवर, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यतींच्या छापील यादीवर, घोड्याच्या नावाआधी आकड्यांची एक ओळ असते. समजा ती ‘१२/३०-पी४१’ अशी आहे. ती डावीकडून उजवीकडे वाचायची. शेवटचा आकडा सर्वांत ताजा. म्हणजे मागच्या खेपेला घोडा जिंकला, त्याआधी चौथा आला आणि त्याआधी जॉकीने त्याला अर्ध्यावर थांबवले, तेच ‘पी’. आडवी रेघ हंगाम बदलल्याचे सांगते, तिरपी रेघ त्याहून मोठा खंड. शून्याचा अर्थ दहावा किंवा त्याहून मागे. अडथळ्यांच्या शर्यतीत पडला तर ‘एफ’, जॉकी खाली आला तर ‘यू’, अडथळ्यावरून उडी मारायला नकार दिला तर ‘आर’. याच ट्रॅकवर पूर्वी जिंकला असेल तर ‘सी’, याच अंतरावर जिंकला असेल तर ‘डी’, आणि फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा, असून हरला असेल तर ‘बीएफ’.

नवखा माणूस एवढ्यावर थांबतो आणि एक-एक-एक अशी ओळ दिसली की पैसे लावतो. खरे तर ही ओळ फक्त अनुक्रमणिका आहे. तळच्या वर्गातल्या शर्यतीत पहिला आलेला घोडा आणि ग्रुप १ मध्ये सहावा आलेला घोडा यांत दुसराच बहुधा कितीतरी सरस असतो. सपाट शर्यतींमध्ये वरच्या दर्जाची ग्रुप १, २, ३ अशी उतरंड १९७१ मध्ये लागली, तेव्हापासून हा दर्जा निदान कागदावर स्पष्ट दिसतो. म्हणून मुरलेला वाचक आधी विचारतो की त्या दिवशी मागे कोण राहिले, आणि मागे राहिलेल्यांनी पुढे काय केले. हरलेले तीन-चार घोडे नंतर जिंकत सुटले, तर त्या शर्यतीचा फॉर्म ‘पक्का ठरला’ असे मानतात.

अंतराचा प्रश्न समजायला १९४७ च्या हंगामाइतके चांगले उदाहरण सापडणार नाही, आणि त्यात मराठी वाचकाच्या ओळखीचे एक नावही आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. त्या काळातला तो विक्रम होता. किंमत मोजली गेली ती रक्ताची: त्याच वर्षी डर्बी जिंकलेल्या दांते याचा हा सख्खा भाऊ. घोड्याचे नाव ठेवले ‘सयाजीराव’. तो न्यूमार्केटच्या एक मैलाच्या ‘टू थाउजंड गिनीज’मध्ये उतरला, तेव्हा ट्यूडर मिन्स्ट्रेल या घोड्याने सगळ्यांना आठ लांबींनी (एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाएवढे अंतर) मागे टाकले. सयाजीराव तिसरा आला. एवढ्या फरकाने जिंकणारा घोडा डर्बीत फेव्हरिट असणारच. ट्यूडर मिन्स्ट्रेलचा भाव साताला चार, म्हणजे सात पौंड लावावेत तेव्हा चार सुटावेत, इतका खाली आला. पाठीवर जॉकी गॉर्डन रिचर्ड्स. पण एप्समची डर्बी दीड मैलाची. घोडा जॉकीशी ओढाताण करत धावला, शेवटी दम संपला आणि चौथा आला. जिंकला पर्ल डायव्हर, एकास चाळीस भावाचा फ्रेंच घोडा. दुसरा आला मिगोली. सयाजीराव इथेही तिसरा.

नुसते आकडे बघणाऱ्याच्या लेखी सयाजीराव हा तिसऱ्या नंबरचा घोडा. अंतर बघणाऱ्याला वेगळे दिसले असते: मैलभराच्या धावेत जो त्याच्या फार पुढे होता, तो दीड मैलात त्याच्या मागे पडला होता. पुढे सयाजीराव आयरिश डर्बी जिंकला आणि सप्टेंबरात डॉन्कास्टरची पावणेदोन मैलांहून थोडी लांब असलेली सेंट लेजरही जिंकला. ट्यूडर मिन्स्ट्रेल पुन्हा मैलावर आला आणि रॉयल ॲस्कॉटला जिंकला. सव्वा मैलाच्या एक्लिप्स स्टेक्समध्ये मात्र मिगोलीने त्याला हरवले. टाइमफॉर्मने ट्यूडर मिन्स्ट्रेलला दिलेला १४४ हा आकडा आजही सर्वकालीन यादीत अगदी वरच्या रांगेत आहे. फ्रँकेलचा १४७ हा त्याहून वर. गंमत अशी की वंशावळीने इथे दिशाभूल केली होती. ट्यूडर मिन्स्ट्रेलचा बाप ओवेन ट्यूडर हा स्वतः १९४१ चा डर्बी विजेता, त्यामुळे दीड मैलाचा दम मुलातही असेल असे मानायला जागा होती. रक्त शक्यता सांगते. घोडा त्या अंतरावर एकदा धावला की वंशावळ बाजूला ठेवलेली बरी.

ब्रिटनमधल्या निम्म्याहून अधिक शर्यती हँडिकॅपच्या असतात आणि तिथे सगळा खेळ वजनाचा. ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटीचे हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला एक मानांकन देतात. एक गुण म्हणजे एक पौंड. ८० मानांकनाचा घोडा ७० वाल्यापेक्षा दहा पौंड जास्त वाहतो, उद्देश हा की सगळे एका रेषेत यावेत. हरण्याजिंकण्यातले अंतर ‘लांबी’त मोजतात, आणि लांबीचे पौंडांत रूपांतर करता येते: पाच फर्लांगांच्या शर्यतीत एका लांबीमागे साधारण तीन पौंड, मैलाला सुमारे दोन, तीन मैलांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत एक. समजा मैलाच्या शर्यतीत समान वजनावर पहिल्या घोड्याने दुसऱ्याला तीन लांबींनी हरवले. फरक झाला सहा पौंडांचा. पुन्हा गाठ पडली तेव्हा पहिल्यावर आठ पौंड जादा असतील, तर हिशेबाने दुसरा एक लांबी पुढे हवा. हिशेब इतका सरळ क्वचितच उतरतो, कारण जिंकणारा किती राखून जिंकला हे लांबीत लिहिलेले नसते. जॉकीने शेवटी लगाम सैल सोडला होता की चाबूक उगारला होता, हे शर्यत पाहिल्याशिवाय कळत नाही. मानांकने दर मंगळवारी नव्याने निघतात. शनिवारी सहज जिंकलेला घोडा ती निघण्याआधी पुन्हा उतरवला, तर त्याला फक्त ठरावीक दंडाचे वजन मिळते, आणि ते येणाऱ्या वाढीपेक्षा कमी असू शकते. काही ट्रेनर अशा फटी बरोबर हेरतात, आणि काही वाचक अशा ट्रेनरांना.

जमिनीला ‘गोइंग’ म्हणतात. गवताच्या ट्रॅकवर तिचे वर्णन फर्म, गुड, सॉफ्ट, हेवी आणि त्यांच्यामधल्या पायऱ्यांनी होते. लिंगफील्ड, वुल्वरहॅम्प्टन, केम्प्टन, न्यूकॅसल अशा ठिकाणच्या कृत्रिम ट्रॅकवर स्टँडर्ड, स्लो असे शब्द असतात. पाऊस झाला की आधीचे निम्मे आडाखे मोडीत निघतात. लांब टांगेचा, हलक्या चालीचा घोडा चिखलात रुतल्यासारखा धावतो, तर गुडघा उंच उचलणारा तिथेच खुलतो. त्यात ब्रिटनमधल्या सुमारे ६० रेसकोर्सपैकी कोणतेही दोन एकसारखे नाहीत. चेस्टर म्हणजे जेमतेम मैलाचे गोल रिंगण. छोट्या अंतरावर आतला स्टॉल, म्हणजे सुटण्याची आतली जागा, मिळालेल्याला तिथे उघड फायदा असतो. एप्समला टॅटनहॅम कॉर्नरकडे उतरत जाणारे वळण आहे. चेल्टनमला शेवटचा चढ छातीत दम असणाऱ्यालाच सुटतो.

डेझर्ट ऑर्किड हा पांढरा घोडा उजवीकडे वळणाऱ्या ट्रॅकवर खुलायचा; केम्प्टनची किंग जॉर्ज चेस ही अडथळ्यांची शर्यत तो चारदा जिंकला. डावीकडे वळणाऱ्या चेल्टनमला १९८९ च्या गोल्ड कपच्या दिवशी पाऊस आणि बर्फ पडून जमीन हेवी झाली. फॉर्मच्या भाषेत सगळे विरुद्ध. शेवटच्या टप्प्यात चिखल आवडणाऱ्या याहूने त्याला गाठले होते, तरी तो दीड लांबीने जिंकला. पुढच्या वर्षी त्याच शर्यतीत तो फेव्हरिट होता. तो तिसरा आला, आणि जिंकला एकास शंभरचा नॉर्टन्स कॉइन.

बारीकसारीक खुणाही वाचाव्या लागतात. डोळ्यांच्या झापडा पहिल्यांदाच लावल्या आहेत का, जीभ बांधली आहे का, श्वासनलिकेची शस्त्रक्रिया झाली आहे का (ही २०१८ पासून जाहीर करावी लागते), शिकाऊ जॉकीमुळे तीन, पाच किंवा सात पौंडांची सूट मिळते का, पागेतले बाकीचे घोडे सध्या चालत आहेत का. शर्यतीची चालही बघायची: पुढे धावणारा एकच घोडा असेल तर त्याला मोकळे रान मिळते, तीन असतील तर ते एकमेकांना दमवतात आणि मागून येणाऱ्याचे फावते. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागी, मानेवर फेस आलेला, घामेजलेला घोडा दिसला तर कागदावरचा फॉर्म किती धरायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

इतके करूनही विजेता ओळखणे आणि पैसे मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेव्हरिट घोडे ढोबळमानाने तीनांत एकदा जिंकतात. तरी डोळे मिटून प्रत्येक फेव्हरिटवर लावणारा कालांतराने तोट्यातच जातो, कारण बुकी भावात आपला हिस्सा आधीच धरून ठेवतो. एकास शंभरच्या घोड्यांवर लावणारा त्याहून लवकर बुडतो. एकास तीन भावाचा घोडा चारांत एकदा जिंकायला हवा. वाचकाला तो तीनांत एकदा जिंकेल असे वाटत असेल तरच पैज घ्यावी. फॉर्म छापील आणि सर्वांना खुला असल्यामुळे त्यातले ढळढळीत ते भावात आलेलेच असते. टिपा विकणारे हे सहसा सांगत नाहीत.

आणि काही शर्यती फॉर्मच्या आवाक्याबाहेर जातात. १९६७ च्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीत तेविसाव्या कुंपणापाशी जॉकी नसलेला एक घोडा आडवा गेला आणि जवळपास सगळा ताफा तिथेच अडकला. बराच मागे राहिलेला फॉइनेव्हन वाट काढून एकटा निघाला आणि एकास शंभर भावाने जिंकला. ते कुंपण आता त्याच्याच नावाने ओळखतात.

भारतात ही पद्धत इंग्रजांबरोबरच आली. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यती हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पावसाळ्यात पुण्याला होतात. मानांकन, वजन आणि वर्ग यांची चौकट ब्रिटिश वळणाचीच, फक्त मोजमाप किलो आणि मीटरमध्ये. तेच घोडे याच दोन ट्रॅकवर वर्षभर फिरत असल्यामुळे इथल्या वाचकाला साठ रेसकोर्सचे स्वभाव पाठ करावे लागत नाहीत. पुण्याच्या हंगामात पावसावर लक्ष ठेवावे लागते.