कंटेनरच्या घरात छत आतून का ठिबकतं?

कर्जत-मुरबाडकडच्या कंटेनर फार्महाउसचे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात. जुना कंटेनर घ्यायचा, दारं-खिडक्या कापायच्या, क्रेनने जागेवर ठेवायचा, झालं घर. उकाड्याचं काय, असं विचारलं की उत्तर मिळतं, 'पोलाद जाड असतं, शिवाय एसी आहेच.' यातला पहिला भाग साफ चुकीचा आहे आणि दुसरा महागात पडणारा.

कंटेनरचा नागमोडी पत्रा जेमतेम २ मिलिमीटर जाड असतो. एखादा थर उष्णतेला किती अडवतो हे काढणं सोपं आहे: मीटरमधली जाडी भागिले त्या पदार्थाची उष्णतावाहकता. पोलादाची वाहकता ५० धरली तर उत्तर येतं ०.००००४. नऊ इंची विटेच्या भिंतीचं साधारण ०.३ आणि ५० मिलिमीटर पीयू (पॉलियुरेथेन) फोमचं २. पत्र्याला आतून चिकटून असलेला हवेचा पातळ थरसुद्धा ०.१ च्या आसपास अडवतो, म्हणजे पत्र्याच्या अडीच हजार पट! पत्रा दुप्पट जाड केला तरी घरातल्या माणसाला काडीचा फरक जाणवणार नाही. एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंशांवर असताना गडद रंगाचं छत ६५-७० अंशांपर्यंत तापू शकतं आणि खाली अवरक्त किरणं फेकत राहतं. म्हणून एसी चालू असूनही डोकं तापतं. वरून पांढरा रंग दिला तर तापमान बरंच उतरतं. स्वस्तातला हाच उपाय सर्वांत आधी करावा.

पण खरी विलक्षण गोष्ट रात्री घडते. निरभ्र रात्री छत आकाशाकडे उष्णता टाकत राहतं आणि पत्र्यात साठवण फारशी नसल्यामुळे बघता बघता भोवतालच्या हवेपेक्षाही चार-पाच अंशांनी थंड होतं. आत हवा २५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २१ अंशांच्या जवळ येतो. झोपलेला माणूस श्वास आणि घामावाटे तासाला सुमारे ४० ग्रॅम वाफ सोडतो. चार माणसं, आठ तास म्हणजे सव्वा लिटरच्या वर पाणी. पोलादातून वाफ आरपार जात नाही, दार बंद आहे, मग ती थंड छताला धरते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. जहाजावरच्या मालाचंही असंच नुकसान होतं आणि त्या धंद्यात याला 'कंटेनर रेन' म्हणतात. यावर आतून नुसती ग्लासवूल (काचतंतूंची लोकर) भरून प्लायवुड ठोकलं तर उलटच होतं. वाफ लोकरीतून पार होऊन थंड पत्र्यावर जमते, लोकर भिजते आणि कोणाला न दिसता बुरशी व गंज वाढतो. म्हणून पत्र्याला घट्ट चिकटणारा फवारणीचा फोम हवा, नाहीतर उष्णतारोधक थर बाहेरून चढवायला हवा. आतून थर दिला तर जागा जाते. मूळची आतली रुंदी २.३५ मीटर; फोम आणि पॅनेल लागल्यावर सहा फुटी पलंग आडवा टाकला की पायथ्याशी एखादा फूट उरतो.

मजबुतीचंही नीट समजून घ्यायला हवं. दारावर रिव्हेट केलेल्या पाटीवर कंटेनरवर रचता येणारं वजन बहुधा १,९२,००० किलो लिहिलेलं असतं. ते सगळं चार कोपऱ्यांच्या खांबांवरून खाली जातं. छताची चाचणी मात्र ६० × ३० सेंटिमीटर जागेवर ३०० किलो ठेवून होते. त्यामुळे कंटेनर जमिनीत पुरणं किंवा वर मातीची बाग करणं धोक्याचं आहे. भिंतीचा नागमोडी पत्रा चौकट तिरकी होऊ देत नाही. मोठी खिडकी कापली तर तिथे पोलादी चौकट वेल्ड करावीच लागते.

फायदे खरे आहेत, विशेषतः घाई असते तेव्हा. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या ओनागावात पुरेशी सपाट जमीन उरली नव्हती. वास्तुविशारद शिगेरू बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर कंटेनर एक सोडून एक रचून तीन मजली घरं उभी केली. अ‍ॅमस्टरडॅमच्या केटवोनेन वसाहतीत विद्यार्थ्यांसाठी अशा सुमारे हजार खोल्या झाल्या. याउलट इंग्लंडच्या चिल्ड्रन्स कमिशनरच्या (मुलांच्या हक्कांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) २०१९ च्या अहवालात बेघर कुटुंबांना दिलेल्या कंटेनरमध्ये उन्हाळ्यात असह्य उकडतं, अशी तक्रार आहे.

लोखंडाच्या घराने वीज ओढून घेतली जाते, शनी मागे लागतो, असंही सांगितलं जातं. शनीचा इथे काही संबंध नाही. नीट अर्थिंग केलेल्या पोलादी पेटीत विजेचा प्रवाह बाहेरच्या पृष्ठभागावरून जमिनीत उतरतो. गवताच्या झोपडीपेक्षा ती कितीतरी सुरक्षित. त्याच पेटीमुळे मोबाइलची रेंज मात्र घसरते.

'पर्यावरणस्नेही' या जाहिरातीवर मी विश्वास ठेवत नाही. घरांसाठी अनेकदा मालाची एकच फेरी केलेले, जवळपास नवे कंटेनर विकले जातात. चाळीस फुटीत पावणेचार टनांच्या आसपास वजन, बहुतेक पोलादच. एवढ्याशा बैठ्या घराला इतकं लागत नाही.

जुना कंटेनर घेताना दारावरच्या पाटीवरची लाकडावरच्या प्रक्रियेची ओळ वाचा. जमिनीचं २८ मिलिमीटरचं प्लायवुड किडीपासून वाचवायला बहुधा कीटकनाशकात मुरवलेलं असतं, कारण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरण नियमांना ते लागतं. घरात लहान मूल रांगणार असेल, तर ते प्लायवुड उखडून नवं घाला.