कोंदण : फटीत दाबलेलं सोनं

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीबद्दल लिहिताना ‘डोंगरांच्या कोंदणात बसलेलं मंदिर’ असं हमखास लिहिलं जातं. वाचणाऱ्याला त्यात शोभा दिसते. सोनाराला आधी पकड दिसते.

कोंदणकामात दागिन्याचा पोकळ घाट सोन्यात घडवून त्यात लाख भरतात. लाख ऊन करून खड्यापुरती जागा करायची, तळाशी चांदीचा चकचकीत पातळ पत्रा घालायचा. जडावातले खडे पुष्कळदा पैलू न पाडलेले, सपाट असतात. आत शिरलेला प्रकाश परत फिरवायला हा पत्रा लागतोच. मग खड्याच्या कडेच्या फटीत कुंदनाची, म्हणजे जवळजवळ शुद्ध 24 कॅरेट सोन्याची, पातळ पट्टी पोलादी सलईने दाबत थरावर थर चढवतात.

या थरांना डाग, म्हणजे तापवून दिलेला सांधा, द्यावा लागत नाही. सोनं 1064 अंश सेल्सियसला वितळतं, पण शुद्ध सोन्यावर हवेत ऑक्साइडचा थर धरत नाही. म्हणून दोन स्वच्छ पट्ट्या नुसत्या दाबल्या तरी त्यांचे अणू थेट जुळतात आणि त्या गार असतानाच एकजीव होतात. 22 कॅरेटचं सोनं इथे चालत नाही : त्यातलं तांबं ते कडक करतं आणि स्वतः ऑक्साइडही धरतं. बोटाचा तेलकटपणा लागला तरी थर सुटे राहतात, कड नखाला लागते.

कोंदणे म्हणजे गच्च भरणे. खोलीत धूर कोंदतो, तसं फटीत सोनं. म्हणून ‘शब्दांना सुरांचं कोंदण’ ही प्रतिमा मला फार नेमकी वाटते. चाल शब्दाच्या कडेकडेने बसते आणि त्याला धरून ठेवते. ‘समारंभाला रोषणाईचं कोंदण’ मात्र पोकळ. माळा उतरवल्या तरी समारंभाचं काही सुटत नाही.

जळगावला असा दागिना घेताना लाख आणि खड्यांचं वजन पावतीवर वेगळं लिहून घ्या. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांना टेकतो. उन्हातल्या बंद गाडीत तो याहून कितीतरी चढतो आणि लाख मऊ पडू लागते. उकळत्या पाण्यात तर दागिना बुडवूच नये. पाणी मागे शिरलं की चांदीचा पत्रा काळवंडतो, खडा आंधळा दिसतो. कानाशी हलवल्यावर खुळखुळला, तर घालू नका. आधी कोंदण पुन्हा दाबून घ्या.