शातो शैलीची गृहसजावट

फ्रान्समधील सरदार-जमीनदारांच्या ग्रामीण हवेल्यांतून (शातो) सतराव्या-अठराव्या शतकांत घडत गेलेली अंतर्गत सजावटीची पद्धत. व्हो-ल-व्हिकोंत ही हवेली (१६५६–६१) हे तिचे भपकेबाज टोक, तर व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारातला प्ती त्रियानों हा छोटा महाल (१७६२–६८) हे संयत. राहत्या घरासाठी दुसरेच टोक मानवते. सोनेरी मुलामा आणि झुंबरे यांवरून ही शैली ओळखण्याचा प्रघात असला, तरी तिचा खरा आधार भिंतीची विभागणी हाच आहे.

भिंत : मूळ हवेल्यांत भिंतींना बहुधा ओकच्या लाकडाचे, चौकटींत फळ्या बसवलेले आवरण असे. त्यातली फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवलेली असते, सरस लावून पक्की केलेली नसते. हवेतील दमटपणाप्रमाणे लाकूड फुगते-आकसते. फळी जखडली तर ती मधोमध तडकते. आजच्या घरांत हाच परिणाम भिंतीवर नक्षीपट्ट्या चिकटवून साधतात. पट्टी साधारण २ ते ४ सेंमी रुंद घ्यावी. खालची बुटकी चौकट जमिनीपासून ७५ ते ९० सेंमी उंचीपर्यंत, वर उंच उभ्या चौकटी आणि दोन चौकटींमध्ये सगळीकडे सारखे ८ ते १० सेंमी अंतर, अशी मांडणी ठेवतात. आधी दारे, खिडक्या आणि स्विचबोर्ड यांच्या जागा धरून भिंतीवर कागदी चिकटपट्टीने पूर्ण आराखडा आखावा. पट्टी स्विचबोर्डला छेदून गेली की सगळा डौल जातो. ओळंबा लावल्याशिवाय पट्टी चिकटवू नये. चौकटीच्या कोपऱ्यात पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडतात. ओल धरणाऱ्या भिंतीवर एमडीएफची (लाकडाच्या दाबलेल्या भुशाची) पट्टी फुगते, तिथे पीयूची (पॉलियुरेथेन या प्लास्टिकची) वापरावी. रंग पट्टीला आणि भिंतीला एकच द्यावा: निळसर करडा, हिरवट करडा किंवा सायीसारखा पांढरा, तोही बिनचकाकीचा. रंगीत भिंतीवर पांढऱ्याशुभ्र पट्ट्या मारल्या की घराचे मंगल कार्यालय होते.

जमीन : व्हर्साय पद्धतीच्या लाकडी जमिनीत सुमारे १ मीटर बाजूचे चौरस असून आतल्या पट्ट्या तिरक्या विणल्यासारख्या दिसतात, सांधे कुसू (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) आणि खुंट्यांनी बसवतात. १६८४ मध्ये व्हर्सायला संगमरवराऐवजी ही जमीन आली, कारण फरशी धुतल्याचे पाणी झिरपून खालच्या तुळया कुजत होत्या. लहान खोलीत मात्र मीटरचे पुरे चौरस मावत नाहीत आणि कडेला अर्धे तुकडे उरतात. तिथे साधी हेरिंगबोन (माशाच्या काट्यासारखी तिरकी) मांडणी बरी.

आरसे व फर्निचर : काच ओतून मोठे ताव बनवण्याची रीत येण्यापूर्वी मोठा आरसा अनेक तुकडे जोडून करीत. म्हणून सांधे दिसणारा आरसा या शैलीत दोष मानू नये. पंधराव्या लुईच्या काळातील खुर्चीचे पाय वळणदार, तर सोळाव्या लुईच्या काळातील सरळ, निमुळते आणि उभ्या खोबणींचे असतात. हात उघडे असलेली ती फोतय आणि हाताखालच्या बाजूही गादीने बंद केलेली ती बर्जेर. दोन्ही काळांतले नग खुशाल एकत्र ठेवावेत, खऱ्या हवेल्यांतही पिढ्यान्‌पिढ्यांचे सामान साठतच जाई.

कापड : पांढऱ्या कापडावर एकाच रंगात ग्रामीण दृश्ये छापलेले तवाल द जुई हे या सजावटीचे ओळखीचे वस्त्र, आणि त्याचे मूळ भारताशी जोडलेले आहे. भारतीय छापील सुती कापडाची मागणी इतकी वाढली की १६८६ मध्ये फ्रान्सने त्यावर बंदी घातली. ती १७५९ मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी ओबेरकाम्फ या कापड-छपाईकाराने व्हर्सायजवळच्या जुई-आँ-जोझास येथे छपाईचा कारखाना काढला. या कापडाची नक्षी मोठी असते, त्यामुळे मोजमाप चुकते. नक्षीची पुनरावृत्ती ९० सेंमीची आणि शिलाईसह पडद्याची लांबी २४० सेंमी असेल, तर पडद्याच्या प्रत्येक पटाला (उभ्या तुकड्याला) ३ पुनरावृत्त्या म्हणजे २७० सेंमी कापड लागते. चार पटांना ९.६ नव्हे, १०.८ मीटर घ्यावे. दृश्यांना वर-खाली असल्याने कापतानाच प्रत्येक पटाच्या वरच्या टोकाला खडूने खूण करतात. नाहीतर एखाद्या पडद्यावरचा मेंढपाळ खाली डोके वर पाय होतो.