औषधांना दाद न देणारे जंतू आणि दारुहळद

दादरच्या काष्ठौषधींच्या दुकानात दारुहळद मागितली की लाकडाचे पिवळेधमक तुकडे पुडीत बांधून मिळतात. हा पिवळेपणा बर्बेरिन या द्रव्याचा. तिचा काढा आटवून केलेले रसांजन डोळे आले, जखम चिघळली की लावण्याची वहिवाट जुनी आहे. तरीही प्रयोगशाळेत नुसते बर्बेरिन स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूपुढे फिके पडते. असे का, याचा उलगडा २००० साली झाला.

जंतूंच्या आवरणात पंप असतात. आत शिरलेले औषध ते बाहेर फेकतात. अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दारुहळदीच्याच जातकुळीतल्या झुडपांत आणखी एक द्रव्य असते. ते स्वतः जंतू मारत नाही. पंप तेवढा अडवते. मग बर्बेरिन आत साठते आणि जंतू मरतो. काढ्यात अख्खी वनस्पती का वापरतात याला इतके नेमके उत्तर क्वचितच मिळाले असेल, म्हणून हा शोध मला फार मोलाचा वाटतो.

पंपाची गोष्ट मुंबईशीही जोडलेली आहे. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावर सर्पगंधेचा गुण ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. हेच रेसर्पिन जंतूंचे पंप रोखते, हे पुढे कळले. अडचण मात्रेची: पंप थांबवायला लागते तेवढे रेसर्पिन माणसाला सोसत नाही.

एव्हाना प्रतिजैविकांची धार बोथट होऊ लागली होती. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्येच नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता. १९६१ मध्ये ब्रिटनमधून मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची नोंद आली. मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी तर २०१२च्या सुमारास क्षयाचे असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्यावर तपासलेले एकही औषध चालत नव्हते.

केईएममध्येच डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी गुळवेलीचा वेगळा माग काढला. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्यांना शस्त्रक्रियेच्या काळात गुळवेल दिली, तेव्हा रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याचे प्रमाण कमी राहिले. त्यांच्या प्रयोगांत गुळवेल थेट जंतू मारत नव्हती. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी जोमाने काम करत होत्या.

काचेच्या बशीतले यश शरीरात उतरवणे मात्र अवघड. बर्बेरिन तोंडाने घेतले तर आतड्यातून रक्तात फारच थोडे पोहोचते. त्यामुळे रक्तातल्या किंवा फुप्फुसातल्या चिवट संसर्गावर दारुहळदीचा काढा प्रतिजैविकाची जागा घेऊ शकलेला नाही. संशोधकांची धडपड आहे ती पंप रोखणारे, पण माणसाला सोसणारे द्रव्य प्रतिजैविकाच्या जोडीला देता यावे यासाठी.