गडचिरोली जिल्हा : लोकवस्ती, घरे आणि पायाभूत सोयी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, छत्तीसगड आणि तेलंगणाला लागून असलेला हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी, तालुके बारा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२. त्यांत सुमारे ३९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे, मुख्यतः गोंड आणि माडिया. दर चौरस किलोमीटरला माणसे ७४, तर राज्याची सरासरी ३६५. जमिनीचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली मोडतो.

वाढत्या लोकसंख्येचा विषय निघाला की डोळ्यांसमोर दाटीवाटीची शहरे येतात. गडचिरोलीचा प्रश्न उलट्या बाजूचा आहे. इथे माणसे थोडी आहेत आणि दूरदूर विखुरलेली आहेत. रस्ता, दवाखाना, शाळा यांपैकी काहीही मंजूर करताना सरकार आधी डोकी मोजते. या जिल्ह्यात मोजायला हवे ते अंतर. गेल्या चार दशकांतली इथली बहुतेक अडचण या एका गोष्टीशी येऊन थांबते.

लोकसंख्येची वाढ

जिल्हा झाला तेव्हा, १९८१ च्या मोजणीप्रमाणे, या भागात ६,३७,३३६ लोक होते. १९९१ मध्ये ७,८७,०१० आणि २००१ मध्ये ९,७०,२९४ झाले. म्हणजे सलग दोन दशके दर दशकाला २३ टक्क्यांच्या वर वाढ. पुढच्या दशकात ती एकदम १०.६ टक्क्यांवर आली. त्याच दशकात राज्याची वाढ १६ टक्के होती. दुर्गम आदिवासी भागात लोकसंख्या बेसुमार वाढते हा समज अजूनही अनेकांच्या बोलण्यात असतो, त्याला हे आकडे पुरेसे उत्तर आहेत.

वाढीत बाहेरून आलेल्यांचाही वाटा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना मुलचेरा, चामोर्शी या भागांत जमिनी देऊन वसवले गेले आणि जंगलाच्या मधोमध बंगाली बोलणारी गावे उभी राहिली. सिरोंचात तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगडी, भामरागड-एटापल्लीत माडिया, उत्तरेकडे झाडीबोलीच्या वळणाची मराठी, अशी भाषांची सरमिसळ आहे. जिल्हा झाल्यावर कचेऱ्या आल्या, नोकरदार आले. उलट दिशेची वाटही जुनी आहे: धानाची कापणी-मळणी उरकली की मिरची तोडायला कुटुंबेच्या कुटुंबे तेलंगणात जातात आणि त्या काळात गावात म्हातारी माणसे व लहान मुले उरतात.

दर हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया आणि शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९६१ मुली, हे २०११ चे आकडे राज्यातल्या कितीतरी संपन्न जिल्ह्यांनी खाली मान घालावी असे आहेत.

लोकसंख्या जिल्ह्यात सारखी पसरलेली नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातली देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी ही गावे धानशेतीवर पोसलेली आणि एकमेकांना जवळ आहेत. दक्षिण आणि पूर्वेकडे गेले की दोन गावांमधले जंगल रुंदावत जाते. अख्ख्या भामरागड तालुक्यात २०११ मध्ये जेमतेम ३६ हजार माणसे होती. त्या वेळी नगरपालिका असलेली शहरे दोनच, गडचिरोली आणि देसाईगंज. बाकी ८९ टक्के लोक खेड्यांत. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे आजही नियोजनाचा पाया २०११ चेच आकडे आहेत.

निकष आणि अंतर

आदिवासी व डोंगराळ भागासाठी सरकारी निकष सैल केलेले आहेत. सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात २० हजारांमागे एक. उपकेंद्रासाठी ५ हजारांऐवजी ३ हजार. ऐकायला ही सवलत मोठी वाटते. हिशेब करून पाहावा. राज्याच्या सरासरी घनतेने ३० हजार लोक सुमारे ८२ चौ. किमी मध्ये मावतात. केंद्र मधोमध असेल तर शेवटच्या घरापासून ते पाचेक किलोमीटरवर येते. गडचिरोलीच्या सरासरी घनतेने २० हजार लोकांना २७० चौ. किमी लागतात आणि तेच अंतर नऊ किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे सवलत धरूनही रुग्णाची वाट जवळपास दुप्पट. हे जिल्ह्याच्या सरासरीचे झाले. भामरागडमध्ये २० हजार लोक म्हणजे निम्म्याहून जास्त तालुका, आणि मध्ये पावसाळी नाले वेगळेच.

शाळेचेही तसेच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावीपासूनची तीन किलोमीटरच्या आत हवी. दहा-पंधरा घरांच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, पट भरत नाही, म्हणून मुले आश्रमशाळेत जातात. लहान वयात घर सोडावे लागणे ही विरळ वस्तीची सर्वांत मोठी किंमत आहे आणि ती कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

अंतरावरचा सगळ्यात शहाणा तोडगा याच जिल्ह्यात निघाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बाळांना दवाखान्यापर्यंत आणण्याऐवजी गावातल्याच एका बाईला आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे त्याच्या श्वासांच्या वेगावरून कळते. पण ज्यांना मोठे आकडे मोजता येत नाहीत त्या सुईणींनी ते कसे ओळखावे? त्यासाठी एक साधे यंत्र बनवले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सहा मण्यांची ओळ, त्याहून मोठ्यासाठी पाच मण्यांची. घरोघरी नवजात बालसेवेच्या या प्रयोगाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आणला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर गेली.

घरे

माडिया माणसाचे जुने घर जंगलातूनच उभे राहते: सागाचे किंवा इतर टणक लाकडाचे खांब, बांबूच्या कुडाला मातीचा गिलावा, वर गवत किंवा कवेलू, म्हणजे कौले. घर एकसंध इमारत नसते. झोपायची खोली, धान्याची ढोली, गुरांचा कोठा, पुढे छपरी, मागे सांदवाडी (परस) असा तो पसारा असतो, आणि दिवसाचा बहुतेक वेळ माणसे अंगणातच असतात. गावात गोटुल ही सर्वांची जागा: सभा तिथे, पाहुणा तिथे उतरणार. पूर्वी पेंदा, म्हणजे जंगल जाळून केलेल्या फिरत्या, शेतीमुळे किंवा साथ आल्यास गाव उठून दुसरीकडे बसत असे, आणि हलकी घरे त्या जगण्याला धरून होती.

सरकारी घरकुलाने हे चित्र बदलले. आधी इंदिरा आवास, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना, शिवाय आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना. प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौ. मीटरचे पक्के घर आणि दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये; सपाट भागात १ लाख २० हजार. दहा हजारांचा हा फरक वाहतुकीतच संपतो. सिमेंट, सळई, पत्रे, बहुतेक सगळे तालुक्याहून आणावे लागते, आणि शेवटचा नाला ट्रॅक्टर ओलांडू शकेल तितक्याच महिन्यांत. पैसे हप्त्याने मिळतात: जोते झाले, फोटो काढून जिओ टॅगिंग झाले, की पुढचा हप्ता. फोटो पाठवायला रेंज हवी. हप्ता अडला आणि जून उजाडला की घर जोत्यावर किंवा लिंटलवर दिवाळीपर्यंत उभे राहते.

पूर्ण झालेल्या घरकुलाचा वापरही विचार करायला लावणारा आहे. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून अनेक कुटुंबे कुडाचे घर मोडत नाहीत; पक्क्या खोलीत धान, पेटी, किमती वस्तू आणि माणसे शेजारच्या मातीच्या घरात. याला लोकांचा मागासपणा म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात दोन्ही घरांत दुपार काढावी. मातीच्या भिंती आणि कवेलू कायम ठेवून जोते, छत आणि संडास मजबूत करणारा आराखडा या भागाला जास्त शोभला असता. गवंडीही गावातलेच तयार झाले असते.

जागेची अडचण वेगळीच. कुटुंबे विभागली की नवे घर हवे, पण गावठाणाच्या हद्दीला लागून लगेच वनजमीन सुरू होते. जंगल इतके, तरी घराला जागा नाही, अशी स्थिती कितीतरी गावांत होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली वस्तीची व शेतीची जमीन, जास्तीत जास्त चार हेक्टर, नावावर करून घेण्याचा मार्ग दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणारे ते देशातले अगदी पहिल्यांपैकी एक. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांनी तो मिळवला, आणि बांबू व तेंदूपानाच्या विक्रीतून गावाच्या हातात स्वतःचा पैसा येऊ लागला.

घरांविषयी लिहिताना कुर्माघर वगळता येत नाही. पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाकाठच्या ज्या झोपडीत राहायचे, तिला बहुधा धड दार नसते, वीज नसते, संडास नसतो. पावसाळ्यात सापाची भीती. काही गावांत संस्थांच्या मदतीने पक्की, न्हाणीघर असलेली कुर्माघरे बांधली आहेत. प्रथा जायला हवी यात शंका नाही. पण ती जाईपर्यंत बाईने ओल्या जमिनीवर झोपावे, हे कोणत्याही तत्त्वासाठी मान्य होण्यासारखे नाही.

रस्ते, पूल, वीज

गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. रेल्वेस्थानक जिल्ह्यात एकच, वडसा, म्हणजे देसाईगंज. वडसा ते गडचिरोली या सुमारे ५२ किमीच्या मार्गाचे काम चालू आहे. बाकी सारे एसटी, जीप आणि मोटारसायकलवर.

रस्ता रखडण्याची कारणे तीन: जंगलाचा कायदा, लोकसंख्येचा निकष आणि नक्षलवाद. १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे वनजमीन वळवायला केंद्राची परवानगी लागते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) ने यातून वाट काढली: रस्ता, शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी अशा तेरा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने मिळते. पाच मीटर रुंदी धरली तर एका हेक्टरात रस्ता होतो दोन किलोमीटर. टोल्यांना जोडायला ते पुरते, मोठ्या पल्ल्याला नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मुळात ५०० लोकवस्तीची अट होती, आदिवासी भागात २५०, आणि पुढे नक्षलग्रस्त तालुक्यांसाठी ती १०० वर आली. त्याखालचे टोले पायवाटेवरच राहिले. १९८० पासून नक्षलवाद्यांनी रस्त्याची यंत्रे जाळली, ठेकेदार यायला धजेनासे झाले, आणि दोन्हीकडून भरडली गेली ती गावे. अलीकडे हिंसा बरीच ओसरली आहे. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला अहेरीहून पहिली एसटी १ जानेवारी २०२५ रोजी गेली.

रस्ता झाला तरी पूल हा वेगळा विषय आहे. गावोगावच्या नाल्यांवर रपटे, म्हणजे ठेंगणे पूल, आहेत आणि मोठ्या पावसात ते पाण्याखाली जातात. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेचा जुना पूल बुडाला की तालुक्याचे गाव जगापासून तुटते. २०१९ च्या पावसाळ्यात हे वारंवार घडले आणि बाजारपेठेत पाणी शिरले. अशा दिवसांत रुग्णाला खाटेची कावड करून आणतात, डोंग्यातून नदी ओलांडवतात. म्हणूनच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातले माहेरघर ही साधी सोय इतकी मोलाची: गरोदर बाई दिवस भरण्याआधीच येऊन तिथे राहते, नाल्याला पूर येण्याची वाट पाहत नाही.

वीज बहुतेक गावांत पोचली आहे, पण जंगलातून जाणाऱ्या लांब तारेवर एक फांदी पडली की अनेक गावे अंधारात जातात आणि दुरुस्तीला माणूस पोचेपर्यंत दिवस लोटतात. दूरच्या टोल्यांना सौर दिवे आणि सौर पंप जास्त भरवशाचे ठरले आहेत. पाण्याच्या बाबतीत उत्तर भागाला जुना वारसा आहे, मामा (माजी मालगुजारी) तलावांचा. पूर्व विदर्भातले हे मालगुजारी तलाव गावे स्वतः राखत. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, संपल्यावर ते सरकारकडे गेले आणि गाळाने भरत गेले.

नवा ताण

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाने आणि चामोर्शीतल्या कोनसरीच्या पोलाद प्रकल्पाने जिल्ह्यात पुन्हा बाहेरून माणसे येऊ लागली आहेत. आलापल्ली, आष्टी, एटापल्ली या गावांत भाड्याच्या खोल्या, गॅरेज, ढाबे वाढले. हलक्या वाहतुकीसाठी बांधलेल्या रस्त्यांवरून खनिजाचे जड ट्रक धावू लागल्यावर ते उखडले. धूळ आणि अपघातांविरुद्ध आंदोलने झाली. रोजगार मिळाला हे खरे, आणि ग्रामसभांचा डोंगरावरचा हक्क बाजूला पडल्याची तक्रारही खरी. खाणीसाठी रुंद रस्ता दोन-तीन वर्षांत होतो. त्याच रस्त्यापासून आत चार किलोमीटरवरच्या टोल्याला रपट्याऐवजी पूल मिळावा, ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांत वर्षानुवर्षे लिहिली जात आहे.